न्यू लिनच्या शेगडीवर शेंगदाण्याची चटणी

म्हातारा सुधारणार नाही असं तुम्ही म्हणणारच, पण आधी ऐका तर खरं. परदेशात राहणाऱ्या आमच्या निखिलनं आम्हा दोघांना तिथल्या न्यू लिन भागात रात्री चायनीज शेगडीवाल्याकडे नेलं. टेबलातच निखारे, काडीला टोचलेलं मटण आपणच भाजायचं आणि तिखटाच्या कोरड्या पुडीत घोळवून खायचं. ती पूड मला अगदीच मिळमिळीत लागली. मग मी खिशातली शेंगदाण्याच्या चटणीची डबी काढली आणि सरळ त्यांच्या वाटीत ओतली.

"बाबा, इथं बाहेरचं चालत नाही! शेजारच्या टेबलावर माझा बॉस बसलाय, त्याच्यासमोर हाकलतील आपल्याला!"

तेवढ्यात मालकीणबाई आल्याच. त्यांनी वाटी उचलली, हुंगली, चिमूटभर चाखली.

"हू मेड धिस?"

मी लगेच बायकोकडे बोट दाखवलं.

"मला कशाला अडकवता?" ही कडाडली. "निख्या, सांग त्यांना, खलबत्त्यात ह्यांनीच कुटलीय. मी नुसती बसून चुका काढत होते."

निखिलनं मान खाली घालून सांगितलं. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणखी एक चिमूट तोंडात टाकली आणि आतून नवऱ्याला बोलावून घेतलं. माझ्याकडे बोट करून त्याला चायनीजमध्ये असं काही सुनावलं, की भाषा येत नसूनही मला सगळं समजलं. बिचाऱ्याचं तोंडच पडलं.

आमचे चिरंजीव एकदम बॉसकडे वळले. "दॅट्स माय डॅड!"

आणि हिनं मान अशी ताठ केली, जशी काही चटणी हिनंच कुटली होती.