बहिणीचे पहारेकरी

(रुग्णालयातली खोली. पलंगावर दादा, नाट्यगृहाचा निवृत्त डोअरकीपर. शेजारी डॉक्टर आणि दादाची बहीण, शिवणकाम करणारी ताई.)

दादा : नको म्हटलं ना! धाकट्या भावाच्या पेशी माझ्याशी दहापैकी दहा खुणांत जुळतात, हिच्या दहापैकी पाच. आख्खा भाऊ असताना अर्धी बहीण कशाला?

ताई : ऐकलंत डॉक्टर? जन्मभर सख्खी होते, आज अर्धी झाले.

डॉक्टर : दादा, धाकट्यांची पाळी येणारच आहे. पण केमोला दाद न दिलेल्या, रक्तातल्या कर्करोगाच्या पेशी आधी हटवायच्यात. त्या कामाला अर्धी जुळणीच बरी.

दादा : हा कुठला उलटा न्याय?

डॉक्टर : तुमच्याच नाट्यगृहाच्या दाराचं उदाहरण घ्या. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या अंगावर एक पास असतो. रक्तात काही पहारेकरी फिरतात, त्यांना नॅचरल किलर पेशी म्हणतात. त्यांना शिकवणी लागत नाही. पास गायब आणि लक्षण ठीक नाही असं दिसलं, की खलास. मग ती विषाणू शिरलेली पेशी असो, नाहीतर कर्करोगाची.

दादा : वा! माझ्या पठडीतले दिसतात.

ताई : दिसणारच. माझ्या लेकीचं नाटकातलं पहिलं काम होतं, डॉक्टर. पास घरी विसरले, तर ह्यानं मला बाहेर पायरीवर बसवलं. पोरीच्या टाळ्या मी भिंतीपलीकडून ऐकल्या.

दादा : नियम म्हणजे नियम.

ताई : आणि धाकटा? तो बिनपासाचा पहिल्या रांगेत!

दादा : तो... त्याचं तोंड म्हणजे माझाच आरसा. अडवायला हातच पुढे व्हायचा नाही.

डॉक्टर : तुमच्या रक्तात नेमकं तेच चाललंय. तुमच्या कर्करोगाच्या पेशी लबाड आहेत. त्यांनी पास टाकला नाही, घरचाच पास छातीवर मिरवतायत. तुमचे पहारेकरी म्हणतात, आपलंच माणूस, जाऊ दे. धाकट्यांचेही तेच म्हणतील. ताईंचे पहारेकरी वेगळा पास मागतात, तो तुमच्या पेशींकडे नाही.

दादा : म्हणजे ही मंडळी माझ्या घरात घुसून चांगल्यांनाही झोडपणार!

डॉक्टर : सहसा नाही. बिघडलेल्या पेशीवर धोक्याच्या खुणा उगवतात, निरोगी पेशीवर त्या फारशा नसतात. नुसता पास वेगळा म्हणून ते हात उगारत नाहीत. शिवाय काही आठवड्यांत पाहुणे आपले आपण जातात.

दादा : हमी?

डॉक्टर : नाही देत. उपचार अजून चाचणीत आहे. पण मैदान साफ झालं तरच धाकट्यांच्या, नवं रक्त घडवणाऱ्या पेशी रुजवता येतील.

दादा : आणि मी नाहीच म्हटलं तर?

डॉक्टर : तर तिथवर पोचायला वेळ उरेल, असं मला वाटत नाही.

ताई : हो म्हण रे. आणि आभारबिभार मानू नकोस, मला सवय नाही, ठसका लागेल. आपलं भांडण अर्धवट पडलंय. समोरचाच उठून गेला तर मी काय भिंतीशी भांडू?

दादा : बरा झालो तरी भांडशील?

ताई : बरा झालास की दुप्पट. आजारी माणसावर तोंड टाकायला लाज वाटते म्हणून आज सौम्य आहे.

दादा : ही सौम्य! डॉक्टर, हिला काय काय सोसावं लागेल?

डॉक्टर : दोन्ही हातांत सुया आणि चार-पाच तास पडून राहणं. रक्त यंत्रातून फिरतं, हव्या त्या पेशी बाजूला होतात, बाकीचं परत अंगात.

दादा : पाच तास ही एका जागी? यंत्रच दमेल.

ताई : माझे हात अडकणार आहेत, जीभ नाही.

दादा : घ्या तर मग हिच्या पेशी. पण हिला एकटं ठेवू नका. दिवसभर सुईशी खेळते, पण स्वतःला टोचायची म्हटली की हिला घेरी येते. लहानपणी मी डोळे झाकायचो हिचे.

ताई : कधीचं काय काढतोस! आता कोण बसलंय झाकायला?

दादा : डॉक्टर, या पलंगाला चाकं आहेत ना?