मिठाची पुडी

दीर : आजही तेच, वहिनी. ताटलीत भटुऱ्याचा तुकडा उरत नाही आणि छोले मात्र निम्मेअर्धे परत.

वहिनी : ठेवा मोरीत. घासते.

दीर : घासण्याचं नाही म्हणत मी. पूर्वी लोक भटुरा संपल्यावरही वाटी पुढं करायचे, अजून थोडे छोले म्हणून. दादा कसा वैतागायचा! म्हणायचा, दारात पाटीच लावतो, छोले मागाल तर भांडी घासावी लागतील.

वहिनी : हो. म्हणायचे.

दीर : आता ऐन जेवणाच्या वेळी एकटे शिंपीमास्तर बसलेत कोपऱ्यात. तो मोबाईलवाला आपलं हे दुकान मागतोय. संध्याकाळी उत्तराला येणार आहे.

वहिनी : बरं.

दीर : बरं म्हणजे? देऊन टाकायचं?

वहिनी : द्या.

दीर : अहो, तुमचा दोघांचा सगळा संसार या शेगडीपुढं झाला. जरा भांडा तरी माझ्याशी!

वहिनी : कशावर भांडू? मला काही वाटतच नाही, भावजी. त्यांना नेलं तेव्हाही नाही वाटलं. सगळे रडत होते आणि मी बघत होते, मागच्या दाराला कडी लावलीय की नाही. सकाळी उठते, इथं येते, छोले शिजवते. हात आपले चालतात. आत सगळं सामसूम.

दीर : बसा जरा. मी... ओ मास्तर! काय काढलंत खिशातून?

मास्तर : कुठं काय? रुमाल.

दीर : रुमाल कुणी छोल्यांवर झटकतं का? दाखवा बघू.

मास्तर : हळू बोल की, गाढवा! मीठ आहे. आताशा मला जरा जास्तच लागतं. वय झालं.

दीर : आणि परवा ती पोस्टातली बाई वाटीवर काय शिंपडत होती? तिचंही वय झालं?

मास्तर : माझीच पुडी होती ती. टेबलाखालून फिरते.

वहिनी : छोल्यांत मीठ नसतं?

मास्तर : असतं हो, ताई. म्हणजे... असल्यासारखं असतं.

वहिनी : मी तर रोज घालते. मसाला परतला की त्यात घालते.

दीर : ते मसाल्यातलं. आणि शिजवताना?

वहिनी : शिजवताना ते घालायचे.

दीर : वहिनी...

वहिनी : पहाटे येऊन ते छोले चढवायचे, त्यात त्यांचं मीठ. मी मागून यायची, मसाल्यात माझं. पहिल्यापासून असंच. आता चढवतेही मीच, पण मीठ माझ्या वाटणीचंच घालत राहिले.

दीर : चाखले नाहीत?

वहिनी : ते गेल्यापासून नाही. तुम्ही?

दीर : मला इथं घासच उतरत नाही. घरून पोळी-भाजी खाऊन येतो.

मास्तर : धन्य आहात! रांधणारे दोघं आणि तोंडात घालणारा एकही नाही.

वहिनी : मास्तर, तुम्ही तरी सांगायचं होतं.

मास्तर : कसं सांगणार? एवढं झालं, तरी तुम्ही पदर खोचून उभ्या राहिलात. तुम्हाला म्हणू, मीठ कमी आहे? जीभच रेटेना. बाकीच्यांचंही तेच. कुणी पुडी वापरली, कुणी यायचंच बंद केलं.

वहिनी : किती घालायचे हो ते? मी कधी बघितलंच नाही.

दीर : पातेल्याला एक मूठ.

वहिनी : त्यांची मूठ केवढी होती. माझ्या दोन बसतील त्यात.

दीर : माझी तेवढीच आहे. त्याचे हातमोजे मी पळवायचो, बरोबर बसायचे.

वहिनी : मग तुम्ही घाला. निम्मे छोले संपलेत, तेव्हा अर्धीच मूठ. वर थोडं गरम पाणी घाला आणि चांगली उकळी येऊ द्या. तळाला लागू देऊ नका.

(उकळी आल्यावर वहिनी पळीतले छोले तळहातावर घेऊन चाखते.)

दीर : जमलंय का?

वहिनी : असेच लागायचे.

मास्तर : रडा, ताई. इथं मी सोडून कुणी नाही, आणि माझं काय, मी तिकडं तोंड करून बसतो.

वहिनी : रडू नाही येत. पण दुखतंय. इतके दिवस काही दुखतही नव्हतं. गेले हो ते, भावजी. खरंच गेले.

दीर : हो.

वहिनी : त्या मोबाईलवाल्याला नाही म्हणून सांगा. आणि उद्यापासून पहाटे तुम्ही येत जा, मिठाला.

दीर : येईन. मास्तर, थांबा, गरम भटुरा देतो. ती वाटी ठेवा बाजूला, दुसरी भरून आणतो.

मास्तर : आण बाबा. ही पुडी घे आता, मिठाच्या डब्यात टाक.

वहिनी : दोन तळा, भावजी. एक मला.