पाणी नितळ हुतं

मी शालन. माहेर कुंडलचं, दिली कराडला. आमच्या आईचं एकच, भांडं घासलं की त्यात तोंड दिसाय पायजे, तेच माझ्या हाताला लागलंय बघा, कुणाचं बी घर असू दे, माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं न्हाई. लय गर्व हुता मला त्याचा, खोटं कशाला सांगू.

एका आजींकडं कामाला हाय मी, लय वर्सं झाली. त्यांच्या मालकांनी काचंच्या टाकीत पाच सोनेरी मासं पाळल्यालं. दिवाळीच्या आधी मालक गेलं, आन् आजी त्या माशांशी बोलाय लागल्या. टाकीसमोर चहा घेताना म्हणायच्या, अहो, आज ऊन नाही पडलं. मी हसायची, पण बरं वाटायचं ताई, बाई बोलती तरी.

संक्रांतीला सगळं घर झाडलं, म्हणलं टाकी का सोडायची. टाकीच्या गाळणीतला स्पंज काढला, काळाकुट्ट, बुळबुळीत. नळाखाली चोळ चोळ चोळला, तळाचं गोटं उन्हात वाळवलं, पाणी सगळं बदललं. टाकी अशी झळाळली, काय सांगू तुमाला. आजी म्हणल्या, शालन, हे असते तर खूश झाले असते.

तिसऱ्या दिवशी मासं वर येऊन तोंड उघडाय लागलं. सांजंपतूर दोन गेलं, सकाळी आनखी दोन. पाणी तर नितळ. बाटलीत पाणी घिऊन मी मासंवाल्याच्या दुकानात पळाले, त्यानं नळीत घेतलं, औषधाचं थेंब टाकलं, तर हिरवंगार. म्हणला, पिवळं राहिलं तर बरं, हिरवं म्हंजी अमोनिया, इखच. म्हणलं, आवं पण मी सगळं घासलंय की. तो म्हणला, मावशी, म्हणूनच. माशांची घाण पचवणारं जिवाणू त्या काळ्या स्पंजातच असत्यात, तुमी ते धुवून टाकलं.

आजींना सगळं सांगितलं, हिरवं-पिवळं, माझ्या हातनं मेलं म्हणून. न सांगून भागलं असतं, पण सांगितलं. त्या कप घिऊन आत गेल्या. तवापासनं चहा आतल्या खोलीत घेत्यात.

आता एकच मासा राहिलाय. दुकानातनं तसलीच नळी आन् औषध आणलंय, रोज नळी भरती, थेंब टाकती, पाच मिन्टं नुसती बघत हुबी राहती, मग थोडं थोडं पाणी बदलती. स्पंज परत काळा पडाय लागलाय, हात लय शिवशिवत्यात, पर लावत न्हाई.

आज नळी धरून हुबी हुती, तर मागनं आजींचा आवाज, पिवळं झालं का गं?

झालं न्हवतं ताई, अजून हिरवट हुतं. पर विचारलं त्यांनी. त्या एका माशाला माझं आयुक्ष लागू दे.