हिरव्यातलं तपकिरी बटण

मला आधी एक सांगा, या जगात विश्वास ठेवायचा तरी कुणावर? डॉक्टरवर? शाळेच्या पुस्तकावर? की विहीणबाईंवर?... हसू नका हो! माझ्या नातवाला हिरवा-तपकिरी ओळखता येत नाही हे कळलं, त्या दिवसापासून बाईंचं एकच पालुपद, 'आमच्या घराण्यात असलं काही नाही बरं का, तुमच्याकडूनच आलंय.' आणि त्याच पोराचं अक्षर मोत्यासारखं, तेव्हा? तेव्हा 'आमच्यावर गेलाय!' म्हणजे बघा, गुण आला की आमचा, खोड आली की तुमची!

तुम्हाला सांगतो, माझं बटणांचं दुकान. शाळा चौथीतच सुटली, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. बाई एकुलतं एक बटण घेऊन येते, 'याच्या जोडीचं द्या', आणि माझा हात बरोब्बर त्याच डब्यावर! तर सुट्टीत नातू दुकानात आला होता. म्हटलं, टेलरमास्तरांना कोटाची हिरवी बटणं काढून दे. त्यानं दिली. मास्तरांनी घाईघाईत रात्रीच्या दिव्यात लावलीसुद्धा! दुसऱ्या दिवशी दारातूनच ओरडत आले, 'शेठ, हा कोट आहे का झाड? मधेच पान, मधेच फांदी!' मी पोराला म्हटलं, चेष्टा करतोस होय रे? तो आपला कोट उलटसुलट करून बघतोय. म्हणाला, 'आजोबा, ही सगळी एकच आहेत ना?'



जावईबापूंबरोबर डॉक्टरकडे नेला. त्यांनी ठिपक्या-ठिपक्यांचं चित्र पुढे धरलं. 'यात आकडा दिसतो का बाळ?' 'कुठे आहे?' डॉक्टर म्हणाले, 'नजर उत्तम आहे, फक्त काही रंगांचा घोळ होतो. जन्मापासूनच असतं, घराण्यातून येतं.' घराण्यातून! अहो, कुणाच्या ते तरी विचारावं की नाही आमच्या जावईबापूंनी? तो तेवढा अर्धामुर्धा शब्द घेऊन ते घरी गेले आणि तिकडे वणवा पेटला!

माझी लेक फोनवर बोलता बोलता एकदम गप्प व्हायची. गप्प झाली की समजायचं, मागे सासूबाई उभ्या. 'बाबा, तुम्ही एकदा या ना. सांगा त्यांना, आपल्याकडे कुणालाच नव्हतं असं. तुमचं ऐकतील. मला आता जेवणसुद्धा जात नाही हो त्या घरात.' मी म्हटलं, येतो! रविवारीच येतो! ज्या घराचं पोटच रंगावर भरलं, त्या घरात ही खोड आली कुठून?

पण आमची नात! नातवाची थोरली बहीण, आठवीत आहे, सुट्टीत तीही माझ्याकडेच. तिनं माझं भाषण ऐकलं आणि म्हणाली, 'आजोबा, थांबा. आम्हाला हा धडा झालाय.' आणि तिनं गल्ल्यावरच बटणं मांडली हो! 'हे बघा, आईकडे दोन मोठी बटणं. बाबांकडे एक मोठं, एक लहान. आई प्रत्येक मुलाला मोठंच देणार, तिच्याकडे दुसरं आहेच कुठे? बाबांनी मोठं दिलं तर मुलगी, लहान दिलं तर मुलगा.'

'म्हणजे मुलगा की मुलगी ते बापावर?'

'हो.'

घ्या! आणि जन्मभर बोलणी कुणी खाल्ली? बायकांनी!

'तर या रंगांचं सगळं मोठ्या बटणात असतं. धाकट्याला बाबांनी लहान दिलं. मोठं आलं आईकडून, तेच नेमकं खराब.'

'अगं, पण तुझ्या आईला सगळे रंग दिसतात!'

'तिच्याकडे दोन आहेत ना? एक खराब निघालं तर दुसरं सांभाळून घेतं. त्याच्याकडे एकच आहे.'

'आणि तुझ्या आईला ते खराब... मी दिलं?'

'तुमच्याकडे एकच मोठं, आणि ते चांगलं. नाहीतर दुकान चाललं असतं का? आजीनं दिलं.'

आजीनं... तिला जाऊन तीन वर्षं झाली. आणि मला एकदम माझे सासरे आठवले. टोमॅटो पिकले म्हणून हिरवेगार घेऊन यायचे! सगळे म्हणायचे, म्हातारा वेंधळा. पण बाजारात ही त्यांच्याबरोबर असली की ते काही उचलायच्या आधी तिच्याकडे बघायचे. ती नुसती मान हलवायची. कुणाला कळू दिलं नाही तिनं, मलासुद्धा नाही! मी बसलो होतो रंगांचा पंडित म्हणून मिरवत!

नात हळूच म्हणाली, 'माझ्याकडेपण ते बटण असेल, आजोबा. झाकलेलं. मला कळणारही नाही.'

रविवारी गेलो. लेकीनं पाण्याचा पेला दिला. विहीणबाई समोर. 'सांगा, काय म्हणत होतात?' आता त्या खोलीत हे गणित ठाऊक होतं मला आणि त्या चिमुरडीला. थाप मारली असती तर कोण पकडणार होतं? धंद्यात जन्म गेला माझा, थापा काय मला येत नाहीत? पण म्हटलं, 'बाई, आमचंच आहे. माझ्या बायकोकडून आलंय.'

 लेक पदर तोंडाला लावून आत गेली. मी मागोमाग गेलो. 'बाबा, तुम्ही पण?' म्हटलं, 'अगं, तुझ्या आईचं आहे ते. तिचं नाही म्हणून कसं सांगू?' मग मात्र ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि तुमच्यापासून काय लपवायचं... मीही.

खरं बोलल्याचा फायदा? काही नाही! आता त्या घरात कप फुटला तरी तुमच्याकडचं, मांजर आडवं गेलं तरी तुमच्याकडचं! म्हणू देत. आमच्या हिचं नाक कुणी घेतलं नाही, आवाज नाही, हसणं नाही. पोराच्या अंगात तिचं असं दाखवता येईल, ते एवढंच. म्हणून हात जोडून सांगतो, घरी गेलात की आपापल्या पोरांचा हिशोब खरा मांडा. गुण आमचा, खोड तुमची, असं करू नका हो... माझी बायको खोडीच्या रकान्यात आहे.