सातव्या पानावरची मावशी

मावशी : ...आणि हे सातवं पान. हे कोणी लिहिलं? तूच ना?

भाचा : मावशी, तो अजून अहवालाचा कच्चा मसुदा आहे. तुझ्या हातात कसा आला?

मावशी : पाळकसाहेबांच्या टेबलावरची धूळ कोण पुसतं? चर्चची झाडलोट करणारीच ना? वाच. मोठ्याने वाच.

भाचा : "पुराने चर्चची इमारत निकामी झाली, तरी मंडळीने गेले चौदा महिने आठ घरांत आळीपाळीने उपासना चालवली. एकही रविवार चुकला नाही. यावरून स्पष्ट होते की..."

मावशी : थांबलास का?

भाचा : "...की मंडळीला स्वतःच्या इमारतीची गरज उरलेली नाही."

मावशी : ती आठ घरांची गोष्ट मी सांगितली तुला. इथे, याच स्वयंपाकघरात, याच स्टुलावर बसून.

भाचा : कौतुकानेच लिहिलंय गं.

मावशी : कौतुक! अरे, केसाने गळा कापलास माझा.

भाचा : ऐकून तर घे. पूर, आग, साथ, असं काही कोसळलं की चर्च, अनाथाश्रम, वाचनालयं, सगळ्यांना पुढच्या दहा वर्षांचा विचार करायला मदत करायची, हेच आमच्या ऑफिसचं काम. जुन्याला कवटाळून बसलेल्या संस्था बुडताना पाहिल्यात मी. सगळी ताकद त्या भिंतींत घातली तर तुमच्या मंडळीची बालवाडी बंद पडेल.

मावशी : मग तसं तोंडावर सांगायचं! मी काय कुक्कुलं बाळ आहे? तीन महिने शाळेच्या हॉलमध्ये सभा घेतल्यास. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायला लावल्यास. म्हणे, काय जपायचंय ते लिहा. मी दारोदार फिरून माणसं गोळा केली. कुरकुर करणाऱ्यांना सांगितलं, माझ्या बहिणीचा मुलगा आहे, माझ्या हातचं खाऊन मोठा झालाय, तो फसवायचा नाही.

भाचा : सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या मी.

मावशी : किती जणांनी चर्च लिहिलं होतं?

भाचा : बहुतेकांनी.

मावशी : मग ते कुठल्या पानावर आहे?

भाचा : मावशी, प्रत्येक मत अहवालात घेता येत नाही.

मावशी : एक विचारते, खरं सांग. पहिल्या सभेच्या आधीच हे ठरलं होतं का?

भाचा : तसं अगदी ठरलं नव्हतं...

मावशी : हो की नाही?

भाचा : चर्चच्या पंचांचा फोन आला होता. दुरुस्ती करायची नाही, लोकांना हळूहळू पटवून द्या म्हणाले. जागा गोदामाला द्यायचं बोलणं झालं होतं त्यांचं.

मावशी : म्हणजे लग्न लागून गेलं होतं आणि आम्ही तीन महिने मुलगी बघत बसलो. वा रे वा!

भाचा : मला खरंच वाटलं, तुझी गोष्ट ऐकून लोकांना धीर येईल. रविवारी मंडळीचं या अहवालावर मतदान आहे. तू उभी राहून तीच गोष्ट सांगितलीस ना, तर...

मावशी : अच्छा, म्हणून आलास होय? मला वाटलं, माफी मागायला आलास.

भाचा : तेही...

मावशी : राहू दे. गोष्ट हवीय ना? मग पुरती ऐक. दुसरं घर तिसऱ्या मजल्यावर. टेलरमास्तरांना जिना चढवेना. चार रविवार खालच्या पायरीवर बसून वरचं गाणं ऐकलं त्यांनी. पाचव्या रविवारी आले नाहीत, पुन्हा आलेच नाहीत. चौथं घर त्या दोघी जावांपैकी थोरलीचं. धाकटी गेली दहा वर्षं तिचा उंबरा चढत नाही. चर्चमध्ये मात्र दोघी एकाच बाकावर बसायच्या, कारण बाक दोघींपैकी कोणाचाच नव्हता. सहाव्या घरी त्या गटार साफ करणाऱ्याचं स्टूल दाराबाहेर मांडलं. कोणी वाईट बोललं नाही हो त्याला, फक्त स्टूल बाहेर मांडलं. पुराआधी त्र्याण्णव जण होतो आपण. गेल्या रविवारी एकतीस.

भाचा : तू तर म्हणालीस, एकही रविवार गेला नाही.

मावशी : रविवार नाही गेला रे. माणसं गेली.

भाचा : हे मला का नाही सांगितलंस?

मावशी : झाकली मूठ सव्वा लाखाची. चौदा महिन्यांत पहिल्यांदा कोणी वही उघडून विचारलं, मावशी, कसं निभावलंत? मला मिरवावंसं वाटलं. ती चूक माझी. पण मागे कोण राहिलं, एवढं तरी विचारायचंस. नाही विचारलंस, कारण तुला तेवढीच गोष्ट हवी होती. फार लागलंय मला हे. पंच परके. तू नव्हतास.

भाचा : मी ते पान बदलतो.

मावशी : आणि पंचांना काय सांगशील?

भाचा : बघतो.

मावशी : तुझी आईसुद्धा "बघते" म्हणायची, नाही म्हणायचं असलं की. बघ तू. मी रविवारी उभी राहणार आणि आठही घरं सांगणार, जिन्यासकट, स्टुलासकट. मग काय मत द्यायचं ते देऊ देत.

(भाचा कागद पिशवीत घालून उठतो. दारापाशी घुटमळतो.)

भाचा : मावशी, चर्चची किल्ली तुझ्याकडेच असते ना? उद्या जागेच्या मोजणीला माणसं येणार आहेत.

मावशी : मतदान रविवारी आणि मोजणी उद्या?

भाचा : तारीख पंचांनी ठरवलीय. माझ्या हातात नाही गं.

मावशी : घे. बावीस वर्षं कमरेला होती.

भाचा : असं रागाने नको देऊ.

मावशी : घे म्हटलं ना. फक्त त्या माणसांना सांग, कुलूप शोधत बसू नका. दार पुरातच वाहून गेलं.

भाचा : दार नाहीये?

मावशी : चौदा महिने उघडंच आहे, बाळा. तीन महिने सभा घेतल्यास ना, त्या शाळेच्या हॉलसमोरचा रस्ता ओलांडला की आलंच.