रिकाम्या रकान्यातला आकडा

(निलंगा तालुक्याच्या टोकाचं गाव. तीस मार्चची दुपार. शांतम्मांच्या ओट्यावर जिल्हा कचेरीत आकडे लिहिणारा रेवणसिद्ध.)

रेवणसिद्ध : अव्वा, चला माझ्यासंगं. निलंग्याला लेकीकडं सोडतो तुम्हाला.

शांतम्मा : अन् इथं दिवा कोण लावंल? मी उठले की तलाठी लिहून मोकळा, गाव बेचिराख, वस्तीच न्हाई. दोन्ही पोरं ऊसतोडीला गेलीत, तम्मा. परत यायला गाव नको का त्येंला? तू ट्यांकरचं सांग.

रेवणसिद्ध : टँकर माझ्यामुळंच अडला. नवा जिल्हा झाला तेव्हा यादीत तुमच्या गावाचं नाव चढलं, पुढचे रकाने कोरे राहिले. बाहेरच्या देशातली एक संस्था दुष्काळाचा अहवाल काढते. तिला गाव दिसत नाही. गावांचा मिळून तालुका, तालुक्यांचा मिळून जिल्हा, अन् जिल्ह्याचा एक आकडा. कोरा रकाना चालत नाही, म्हणून शेजारच्या चार गावांची सरासरी काढून मी तुमचे रकाने भरत गेलो. त्यांच्या विहिरींना पाणी, म्हणून तुमच्याही.

शांतम्मा : अगं बाई! माझ्या विहिरीत सरडं फिरायलेत की रं.

रेवणसिद्ध : ते आजच दुरुस्त करतो, टँकर लावतो. मी आलो ते दुसऱ्याच रकान्यासाठी. मयतांच्या.

शांतम्मा : त्यात काय भरलंस?

रेवणसिद्ध : गेल्याच्या आधल्या साली दोन.

शांतम्मा : दोनच गेले. वीरण्णा अन् गौरम्मा. तुला कुणी सांगितलं?

रेवणसिद्ध : कुणीच नाही. या गावात मी आज पहिल्यांदा आलो. गेल्या साली एक भरला होता.

शांतम्मा : चंद्रप्पा. चांगला बोलत बसला होता, अन् गेला.

रेवणसिद्ध : सकाळी तलाठ्याच्या वहीत ही नावं वाचली. माझे आकडे आधीचे, मयत नंतरचे. तसाच इकडं निघालो. अव्वा, यंदाचा अंदाजाचा आकडा मी जानेवारीतच कळवलाय. एक. सरकारी साल उद्या संपतं. नोंद अजून एकही नाही, अन् गावात तुम्ही एकट्या.

शांतम्मा : खोड की मग.

रेवणसिद्ध : अहवाल छापून आला. जिल्ह्याच्या बेरजेत तुमचा एक मिसळून गेला. आता कुठला तुमचा, ते कुणालाच काढता यायचं नाही.

शांतम्मा : कणकेतलं मीठ म्हण की.

रेवणसिद्ध : मला भ्या वाटतंय, अव्वा. दोन दिवसांसाठी तरी चला. पाया पडतो.

शांतम्मा : मी न्हाई हलायची. लई माया केलीस, तेवढं पुरं. एक सांग, त्या कागदावर माझं नाव हाय का?

रेवणसिद्ध : नावं नसतात. गावात एक, एवढंच.

शांतम्मा : मग ऊठ लेकरा, नीघ लौकर. आत्ता गावात आपण दोघं हाव.