शिवरात्रीची कवठाची चटणी

मंडळी, आजचा प्रश्न साधा आहे, पण घशात अडकणारा आहे. देवाचा नैवेद्य आपण आधी चाखत नाही. का? तर तो उष्टा होतो. पहिला घास त्याचा, मग आपला. बरोबर? माना हलल्या, छान. आता सांगा — एका बाईनं नैवेद्य चाखला, आणि तिला कळलं की हा बिघडलाय. बोलावं, तर चाखल्याचं पाप उघडं पडतं. गप्प बसावं, तर बिघडलेलं ताट देवापुढं जातं आणि मग गावापुढं. मोठं पाप कुठलं? चाखण्याचं, की चाखून गप्प बसण्याचं?

उत्तर तुमच्या ओठावर आलंय, दिसतंय मला. इथं सतरंजीवर बसून ते सोपं आहे. चुलीपुढं उभं राहून किती अवघड होतं, ते ऐका.

डोंगराच्या पायथ्याला एक गाव. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून कीर्तनाला बसतात. गावाबाहेर महादेवाचं देऊळ, आणि देवळामागं कवठाची झाडं. शिवरात्रीला सगळ्या गावाचा उपास, आणि संध्याकाळी देवळात भगरीची पंगत. त्या भगरीवर काय? कवठाची चटणी! हां — त्या खांबाजवळचे आजोबा एकदम सावरून बसले. इतका वेळ महादेवाचं नाव घेत होतो, तेव्हा डोळे मिटलेले होते बरं का.

पण चटणी म्हणजे पानात डावीकडं बोटभर लावायची, ती नव्हे. ही पळीवाढी. पिकलेली कवठं दगडावर फोडायची, गर काढायचा, पाण्यात हातानं कुस्करून शिरा-बिया वेगळ्या करायच्या. त्यात गूळ, लाल मिरचीची पूड, जिरं, सैंधव. मंद आचेवर रटरटू द्यायची. आधी जिभेला गोड लागते, मग आंबट, आणि घास गिळला की मागून तिखट येतं, डोळ्यांत पाणी आणतं. भगरीवर ओतली की माणूस दुसऱ्यांदा वाढायला लावणारच.

ही चटणी करायचा मान तुळसाबाईंच्या घरचा. पिढ्यान् पिढ्यांचा. त्यांच्याकडं एक मोठं पितळी पातेलं होतं, दोन माणसांनी कड्या धरून उचलायचं. त्या पातेल्यातच चटणी व्हायची. आणि पलीकडच्या आळीत होत्या शेवंताबाई. त्यांनी स्टीलचं नवं कोरं पातेलं आणून ठेवलं होतं, आणि दरवर्षी पंगतीत गोड आवाजात म्हणायच्या, "तुळसाक्का, वय झालं आता. दमत असाल. आमच्याकडं द्या की एखाद्या वर्षी." ही विचारपूस नव्हे हो. ही सुरी. सांधा बघून ठेवलेली.

तुळसाबाईंची सून निर्मला. कामाला वाघीण, बोलायला गोगलगाय. सासूचा धाकच तसा. शिवरात्रीच्या आधी पातेलं माळ्यावरून काढलं, घासलं, आणि निर्मलाच्या लक्षात आलं — आतली कल्हई गेलीय. एरवी आतून पांढरं असणारं पातेलं पिवळंधमक दिसतंय. बायकांना हे सांगायला नको; पितळेत आंबट ठेवलं आणि कल्हई नसली, की ते कळकतं, पोटाला विष होतं.

ती म्हणाली, "आत्याबाई, कल्हई उडालीय."

"माहितीय मला. कल्हईवाला यायचा बंद झालाय, त्याला मी काय करू?"

"तालुक्याला पाठवू या का पातेलं? नाहीतर शेवंताकाकूंचं स्टीलचं —"

झालं. नको ते नाव निघालं.

"तिचं पातेलं माझ्या चुलीवर? मग मान तरी कशाला ठेवायचा, तोही दे नेऊन तिला. निर्मले, तुझ्या आज्जेसासूनं ह्याच पातेल्यात चटणी केली, कुणाचं पोट दुखलं नाही."

अहो, आज्जेसासूनं केली, पण कल्हई लावलेल्या पातेल्यात केली! पण हे सासूला सांगायचं कुणी?

आदल्या दिवशी दुपारी चटणी शिजली. नेहमी शिजली की लगेच चिनी मातीच्या बरण्यांत भरायची. पण त्या साली पाहुण्यांची गर्दी, बरण्या लोणच्यानं अडलेल्या. पातेल्यावर ताट झाकलं आणि चटणी रात्रभर तशीच राहिली. सकाळी निर्मलानं झाकण काढलं, तर कडेनं हिरवट रेघ. तेवढ्यात तुळसाबाई आल्या. पळीनं ती रेघ खरवडली आणि म्हणाल्या, "कवठाचा रंग सुटतो कधी कधी." आणि सोवळं नेसायला गेल्या.

निर्मला एकटी. समोर देवाचा नैवेद्य. तिनं दाराकडं बघितलं, बोट बुडवलं, जिभेला लावलं.

गोड नाही, तिखट नाही. सगळ्याच्या वर एक कडवट, कळकट चव, तोंडात तांब्याचा पैसा धरल्यासारखी. तिनं चूळ भरली. तरी चव जाईना.

मंडळी, बोलायला हवं होतं ना? पण काय म्हणून बोलणार? "आत्याबाई, मी नैवेद्य उष्टा केला"? सोवळ्यात नुसता पदर लागला तरी आंघोळीला पाठवणारी सासू ती. आणि घरचा मान जाणार, तो हिच्या बोटानं गेला असं जन्मभर ऐकावं लागणार. ती गप्प राहिली.

महादू गुरवानं नैवेद्य दाखवला. महादेवानं घेतला. त्याला विष नवीन नाही हो. जगासाठी त्यानं ते कंठात धरलं. पण गावाचा कंठ निळा नाही. गावाच्या घशाखाली ते सरळ पोटात उतरतं.

पंगत बसली. कुणीतरी म्हणालं, "यंदा चव जरा वेगळीच लागतीय." शेवंताबाईंनी ताट पुढं सरकवलं. "तुळसाक्का, कळकलीय ही. पातेलं बघा तुमचं."

सगळी पंगत थांबली. तुळसाबाई उठल्या. दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेली बाई. त्यांनी वाटी घेतली, काठोकाठ चटणी भरली, आणि सगळ्यांसमोर प्याल्या. मग दुसरी भरली. "कळकलेली असती तर मी घेतली असती का? जेवा निवांत."

निर्मला वाढायला उभी होती. हातात पळी. तिनं ती दुसरी वाटी सासूच्या ओठाला लागताना बघितली. अजून वेळ होता. एक शब्द पुरला असता.

लोक जेवले. उठायच्या आतच पोरं ओकायला लागली, मग मोठी माणसं. जीपा आल्या, माणसं तालुक्याच्या दवाखान्यात गेली. चार दिवसांत सगळी उठून बसली, देवाची कृपा. थोडं थोडंच खाल्लं होतं, म्हणून. तुळसाबाई मात्र जीपमध्ये बसेनात. पोटात पिळे पडत होते, ओकारी हिरवी येत होती, आणि म्हणत होत्या, "मला काय झालंय? मी दवाखान्यात गेले तर शेवंता म्हणेल, बघा, कबूल झाली." मुलानं अखेर उचलून नेलं, तोवर उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, उपाशी पोटी एवढं तांबं गेलंय, मूत्रपिंडं थांबलीत.

निर्मला उशाशी बसली होती. तिला राहवलं नाही. "आत्याबाई, मी पापी आहे. मी सकाळीच चाखली होती. मला कळलं होतं."

म्हातारीनं डोळे उघडले. 

"मी पण चाखली होती गं. तुझ्या आधी. पहाटे."

"मग?"

"मला वाटलं, म्हातारीची जीभ आहे, तिला काय कळतंय. निर्मलाला काही वाटलं असतं, तर ती बोलली असती."

निर्मला म्हणाली, "आणि मला वाटलं, तुम्ही एवढ्या जाणत्या. खरंच बिघडली असती, तर तुम्ही थांबवली असती."

 त्याच दिवशी संध्याकाळी तुळसाबाई गेल्या.

मंडळी, दोघींनी देवाच्या आधी चाखलं. त्या चाखण्यानं कुणी मेलं नाही. मी तुम्हाला सांगतो, त्या सकाळी दोन बोटं त्या पातेल्यात बुडाली, ती देवानंच बुडवली. त्याचा नैवेद्य तो दुसऱ्या कुणाच्या जिभेनं तपासणार? त्यानं दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा आपल्याला आपलं सोवळं मोठं वाटलं. एकीचं गप्प बसणं दुसरीला खात्रीसारखं वाटलं, आणि दुसरीचं पहिलीला.

आता तुमच्याकडं येतो. हसू नका, तोंडं फिरवू नका. इथं बसलेल्या प्रत्येकाच्या घरात एक पातेलं आहे. पोरगा बिघडत चाललाय, बापाला कळलंय, आईला कळलंय, आणि दोघं एकमेकांकडं बघून गप्प आहेत. भावाची पोरगी सासरी मार खाते, काकाला माहीत आहे, तो म्हणतो तिच्या बापालाही माहीत असेलच की. असेलच! तोही तुमच्याकडंच बघतोय.

ताट तयार आहे, आरती पेटलीय, मला दिसतंय. टाळ खाली ठेवा. मृदंग राहू द्या. ज्याला शेजारी बसलेल्या आपल्या माणसाला काही सांगायचंय, त्यानं आत्ता सांगावं, कानात सांगितलं तरी चालेल. महादेवाला घाई नाही.

मी थांबलोय. बोला.